आभार मानायचे, पण कुणाचे?

वर्ष संपलं की त्याचा जमाखर्च मांडायची सवय मला कॉलेजपासून आहे. पूर्वी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहायचो, आता इथे लिहितो, एवढाच फरक. तर मंडळी, २०२५ च्या जमेच्या बाजूला तीन मोठ्या गोष्टी आहेत. अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला, आम्ही वराळ्यात स्वतःच्या घरात राहायला आलो (चौदा वर्षं आणि पाच भाड्याची घरं झाल्यावर, आणि वीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन!). १३ मेला लेकीचा दहावीचा निकाल लागला, चांगला लागला. आणि जुलैत बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडलेली माझी आई दिवाळीत वॉकर घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत चालत गेली.

अशा वेळी आपण काय म्हणतो? "देवाची कृपा." मीही आजवर तेच म्हणत आलो. यंदा मात्र ते वाक्य तोंडातून सहज निघेना. त्याला कारण १५ जून.

कुंडमळा आमच्यापासून फार लांब नाही. इंद्रायणीच्या पात्रात खडक, त्यात पाण्याने कोरलेले कुंड, त्यामुळे पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी तिथे जत्राच असते. त्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते आणि जेवणं झाल्यावर सगळ्यांना घेऊन तिकडेच जायचं ठरलं होतं. पाऊस वाढला, कुणीतरी म्हणालं भजीच करू, आणि आम्ही घरी राहिलो. दुपारी तिथला जुना लोखंडी पूल माणसांसकट नदीत कोसळला. चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. संध्याकाळपासून फोन सुरू. "थोडक्यात वाचलात हो, देवाने राखलं तुम्हाला!" बोलणाऱ्यांच्या मनात माया होती, त्यात शंका नाही. पण मला "हो" म्हणवेना. आम्हाला राखलं म्हणायचं, तर त्या चौघांचं काय? त्यांच्या घरी कुणी भजी तळायची टूम काढली नाही, इतकाच काय तो फरक.

माझं मत असं झालंय की, आपण ज्याला कृतज्ञता म्हणतो ती पुष्कळदा नुसती सुटका असते. आपल्यावरचं टळलं, म्हणून हुश्श. त्यात वाईट काही नाही, हुश्श सगळेच म्हणतात. पण शब्दाकडे नीट पाहिलं तर 'कृतज्ञ' म्हणजे केलेलं जाणणारा. कुणीतरी काहीतरी केलेलं असायला हवं आणि ते आपल्याला ठाऊक असायला हवं. मग मी माझ्या तीन गोष्टींमागे कुणी काय केलं ते शोधायला बसलो. हे काम वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं.

लेकीचं सोपं होतं. अभ्यास तिने केला, शिकवलं तिच्या बाईंनी. पेढे घेऊन गेलो, आभार मानले.

आईचं मात्र तसं नाही. ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, त्यांचे आभार आम्ही वाकून मानले आणि बिलही भरलं. पण खुब्याचं ऑपरेशन झालेलं माणूस उभं राहतं ते पुढच्या तीन महिन्यांत. वडगावहून एक मुलगी रोज स्कूटीवर व्यायाम करून घ्यायला यायची. भर पावसात रेनकोट दारात झटकायची आणि "आजी, आज दहा पावलं!" म्हणत आत शिरायची. आई तिच्यावर चिडायची, रडायची, क्वचित शिव्याही द्यायची. ती ढिम्म. आणि माझी बायको. तिने सहा आठवडे बिनपगारी रजा घेतली. त्याच सुमारास ऑफिसात तिच्या बढतीचा विषय होता, तो पुढे गेला आणि मग गेलाच. ती त्याबद्दल एक अक्षर बोललेली नाही. मी नातेवाइकांना आईचा गेटपर्यंत चालतानाचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा सगळ्यांनी मला "श्रावणबाळ" म्हटलं! माझ्या जमेच्या बाजूला जी रक्कम दिसते, ती तिच्या खर्चाच्या बाजूची आहे. हिशेबाला बसलो की हे असं होतं.

आता घर. आमच्या बिल्डिंगच्या मागे भाताची चार खाचरं शिल्लक आहेत, ती ज्यांची आहेत ते आबा संध्याकाळी गेटपाशी गप्पा मारायला येतात. गृहप्रवेशानंतर आठवडाभराने त्यांनी आमची बाल्कनी खालून न्याहाळली आणि म्हणाले, "साहेब, तुमचा हॉल जिथं आहे ना, ती आमची वरची पट्टी. पाणी लई धरायची." मला काय बोलावं कळेना. ते मात्र मजेत होते. जमीन भावाभावांत वाटून विकली, आलेल्या पैशात घर बांधलं, नातवाला पिकअप घेऊन दिला. त्यांचं रडगाणं नाही, मग मी उगीच गळा काढण्यात अर्थ नाही. पण माझं 'स्वतःचं' घर एका पाणी धरणाऱ्या पट्टीवर उभं आहे, हे ठाऊक असणं मला आवडतं.

यंदा पाऊस मे महिन्यातच कोसळायला लागला. लोकांना गंमत वाटली, आबांची झोप उडाली. रोपं टाकायला वाफसाच मिळेना. तरीही शेवटी लावणी झाली, आणि दिवाळीनंतर त्यांनी आमच्याकडे पाच किलो इंद्रायणी पाठवला. हा तांदूळही कुणीतरी केलेलाच आहे. आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो इथल्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात तयार झाला, १९८७ साली. घमघमाट आंबेमोहोराचा. ज्यांनी वर्षानुवर्षं चिखलात उभं राहून लोंब्या निवडल्या असतील, त्यांची नावं मला सापडली नाहीत. अर्धा मावळ त्यांच्या जिवावर जेवतोय, मीही.

म्हणजे देव नाही असं मी म्हणत नाही. आईसमोर तर अजिबात म्हणणार नाही! एवढंच, की सगळी पावती एकदम वर पाठवून दिली की मधल्या माणसांना द्यायची राहून जाते.

नव्या वर्षाकडून अपेक्षा फार नाहीत. बायकोने पुन्हा बढतीसाठी अर्ज करायचा ठरवलंय, त्या मुलाखतीच्या आठवड्यात स्वयंपाक आणि आईचा व्यायाम माझ्याकडे. कुंडमळ्याला नवा पूल होईल तो पक्का व्हावा. आबांचं रोप वेळेवर पडावं. आणि आईला माघ शुद्ध दशमीला भंडाऱ्याच्या डोंगरावर तुकोबांच्या दर्शनाला जायचंय. आमच्या गच्चीवरून डोंगर दिसतो, ती रोज बघते. गाडी वरपर्यंत जाते का, म्हणून काल विचारत होती. जाते म्हटलं. थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "वॉकर नको पण. काठी घेऊ."