आभासी कोण : सहायक की मालक?

नव्या अर्थव्यवस्थेने मालक-कामगार संबंधाला जी गोंडस नावे बहाल केली आहेत, त्यांत ‘व्हर्च्युअल असिस्टंट’, म्हणजे आभासी सहायक, हे नाव विशेष बोलके आहे. कचेरीत पाऊलही न टाकता, आपल्या घरी, आपल्याच संगणकावर दूरच्या धंदेवाल्याचे काम करणाऱ्या माणसाला हे नाव दिले जाते. अनेक व्यवसायांत ही प्रथा रुजली आहे. परंतु तिचे खरे स्वरूप पाहायचे असेल तर घरांच्या अंतर्गत सजावटीचा धंदा तपासावा. या संबंधात आभासी झाला आहे तो नेमका कोण, हे तेथे लवकर उमगते.

या धंद्यात ग्राहकाला दिसते ती इंटीरियर डिझायनरची अभिरुची. ती कागदावर व भिंतीवर उतरवणारे श्रम मात्र पडद्याआड राहतात. खोल्यांची मापे ऑटोकॅडवर चढवणे, थ्रीडी चित्रे करणे, फरशी, प्लायवूड, पडदे व दिवे यांची कोटेशने मागवून तुलनात्मक तक्ते मांडणे, पर्चेस ऑर्डरी पाठवणे, अडकलेल्या मालाचा पाठपुरावा करणे आणि ग्राहकाचे मत तिसऱ्यांदा बदलले की त्याच स्वयंपाकघराची मांडणी चौथ्यांदा काढणे, हे सारे काम आता सहायकाकडे जाते. न्यूयॉर्कची डिझायनर ते भारतात किंवा फिलिपाइन्समध्ये सोपवते. मुंबई-पुण्याची डिझायनर तेच काम सांगली, लातूर वा अकोल्याच्या पदविकाधारक तरुणीकडे देते. भूगोल बदलतो; व्यवहार बदलत नाही.

हा व्यवहार कोणत्या अटींवर होतो? करारनाम्यात या तरुणीचा उल्लेख ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असा असतो. मोबदला तासावर किंवा नगावर. संगणक तिचा, वीज तिची, इंटरनेट तिचे. पुष्कळदा सॉफ्टवेअरचे शुल्कही तिचेच. रजा नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाचा पगार नाही आणि काम बंद करताना पूर्वसूचनेचे बंधनही नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात सायंकाळचे साडेसहा व हिवाळ्यात साडेसात. तेथील कचेरी पाचला सुटते तेव्हा येथे रात्रीचे अडीच किंवा साडेतीन झालेले असतात. काही मध्यस्थ मंचांवर तर तासाचे पैसे हवे असतील तर दर दहा मिनिटांत एकदा तिच्या पडद्याचे छायाचित्र आपोआप टिपले जाते. काढलेली रेखाटने आपली म्हणून कोणाला दाखवू नयेत, अशी अटही बहुधा घातलेली असते. म्हणजे पुढचे काम मागताना मागच्या कामाचा दाखला देण्याची चोरी! वेळ मालकाची, रीत मालकाची, पाळत मालकाची. मग या ‘स्वतंत्र’ व्यावसायिकाचे स्वातंत्र्य नेमके कशात आहे?

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर घडते ते इतकेच : धंद्यासाठी लागणारी जागा आणि यंत्रसामग्री यांचा भार कामगाराच्या शिरावर जातो आणि मंदीची जोखीमही त्याच मार्गाने जाते. ग्राहक आटले तर डिझायनरला कोणाचा पगार चुकवावा लागत नाही; रिकाम्या तासांचा तोटा सहायकाच्या घरी सोसला जातो. यात नवे काय आहे? कारखान्याच्या छायेत वाढणारा घरगुती उद्योग म्हणजे कारखान्याचाच बाहेर पसरलेला विभाग होय, हे मार्क्सने ‘भांडवल’च्या १८६७ सालच्या पहिल्या खंडातच दाखवून दिले होते. महाराष्ट्राला त्यासाठी ग्रंथ उघडण्याचीही गरज नाही. सिन्नर, सोलापूर व निपाणी या पट्ट्यात घराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसणारी विडी कामगार स्त्री याच पद्धतीची बळी होती. सुपाची जागा आज संगणकाने घेतली आहे.

विडी कारखानदारांचा युक्तिवादही हाच होता. बाई आपल्या घरी बसते, सवडीने विड्या वळते. ती आमची नोकर कशी? हा युक्तिवाद देशाच्या कायद्याने व न्यायालयाने फेटाळला. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्यांना कामगार मानले आणि मंगळूरच्या एका विडी उत्पादकाने आव्हान दिले तेव्हा १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरला. त्याआधी १९७३ मध्ये नगावर शिवणाऱ्या शिंप्यांच्या खटल्यात, कपडा नापसंत करून पुन्हा शिवायला लावण्याचा अधिकार हेही नियंत्रणाचे लक्षण आहे, असे त्याच न्यायालयाने मानले. १९८५ मध्ये घरी विड्या वळणाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधीवरील हक्क मान्य झाला. नापसंत विडी आणि ‘पुन्हा काढा’ म्हणून परत आलेले रेखाटन यांत तत्त्वतः काय फरक आहे?

तरीही आजची सहायक कायद्याच्या कोणत्याच छपराखाली येत नाही. त्याची कारणे स्पष्ट आहेत. भविष्यनिर्वाह निधीसाठी वीस, तर राज्य विम्यासाठी व ग्रॅच्युइटीसाठी दहा कामगारांची अट आहे. डिझायनरकडे सहायक एक, फार तर दोन. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्यात ‘गृहाधारित कामगार’ व ‘गिग कामगार’ यांच्या व्याख्या आहेत. परंतु व्याख्या म्हणजे हक्क नव्हे. गिग कामगारांसाठी मध्यस्थ कंपन्यांकडून उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान घेण्याची तरतूद आहे आणि त्यालाही कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची कमाल मर्यादा आहे. मध्यस्थाला वगळून डिझायनरने थेट काम दिले की हेही अंशदान उरत नाही. मालक अमेरिकेत असेल तर पाहायलाच नको : तेथील १९३८ चा किमान वेतनाचा कायदा परदेशात केलेल्या कामाला लागू होत नाही आणि येथील निरीक्षकाचा हात तेथवर पोहोचत नाही. सहायक हाडामांसाची आहे. आभासी आहे तो मालक.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, ही डिझायनर कोणी भांडवलदार नव्हे. तीही एकटीच्या बळावर धंदा करणारी मध्यमवर्गीय स्त्री आहे आणि पूर्ण वेळचा नोकर तिला परवडत नाही. हे खरे आहे आणि समाजवाद्यांनी तिला शत्रू मानण्याचे कारण नाही. परंतु तिला निम्म्या वेळाची मदत पुरत असेल, तर तिने निम्म्या वेळेची जबाबदारी उचलावी. शून्य जबाबदारी हा निम्म्या गरजेचा न्याय्य हिशेब होत नाही. दुसरा आक्षेप असा की, लातूरच्या मुलीला गाव न सोडता काम मिळते, त्यात विघ्न का आणावे? ज्या स्त्रीला घरची जबाबदारी सांभाळून कमावायचे आहे तिच्यासाठी या कामाचे मोल मोठे आहे, यात शंका नाही. म्हणूनच ते काम टिकले पाहिजे आणि सन्मानाचे झाले पाहिजे. गरजेपोटी दिलेली संमती म्हणजे न्याय्य करार, हे सूत्र मान्य करायचे तर कामगार चळवळीचा सारा इतिहासच पुसून टाकावा लागेल.

मालक अनेक, प्रत्येकाचे काम थोडे, मग जबाबदार कोण, हा प्रश्न महाराष्ट्राने पूर्वीच सोडवला आहे. हमाल दिवसभरात चार व्यापाऱ्यांची पोती वाहतो. त्यांपैकी त्याचा मालक कोणता? अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि त्याने उत्तर दिले : सारेच. मालक व कामगार दोघांची मंडळाकडे नोंदणी, मजुरी व तिच्यावरील लेव्ही मंडळात जमा, आणि त्यातून निधी, रजा, बोनस व औषधोपचार. कामगारांची संख्या मालकामागे न मोजता साऱ्या व्यवसायात मिळून मोजली की दहा व वीसच्या अटी निरर्थक ठरतात.

दूरस्थ सहायकांसाठी असेच त्रिपक्षीय मंडळ स्थापन करावे, ही मागणी पक्षाने आता लावून धरली पाहिजे. लेखी करार, तासाचा किमान दर, रात्रपाळीचा जादा दर, साधनांच्या खर्चाची भरपाई, पाळतीवर मर्यादा आणि आपल्या कामावर आपले नाव सांगण्याचा हक्क, ही तिची कलमे असावीत. लेव्हीसोबत किमान दर बांधणे अटळ आहे. अन्यथा मालक तेवढाच मोबदला कमी करील आणि लेव्ही अखेर सहायकेच्याच खिशातून जाईल. परदेशी मालकाकडून वसुली मध्यस्थ मंच आणि परकी चलनाचा भरणा करणाऱ्या संस्था यांच्यामार्फत होऊ शकते. दर वाढला की काम मनिलाला जाईल, ही धमकी दिली जाईलच. त्याचे उत्तर मनिलाच्या कामगाराशी एकजूट हे आहे. त्याच्याशी स्वस्ताईची शर्यत हे नव्हे. घरी काम करणाऱ्यांना इतर कामगारांसारखीच वागणूक देण्याचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ चा आहे. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. ती मिळवणे हे पहिले पाऊल ठरेल.

हे कोणी करायचे? जिला गेटच नाही तिची गेटसभा कोठे घ्यायची, या प्रश्नापाशी कामगार चळवळ आज थबकली आहे. स्वतःला कामगार म्हणवून घेणे या तरुणीलाही कमीपणाचे वाटते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु विडी कामगार स्त्रीही घराघरात विखुरलेलीच होती आणि तिच्यापर्यंत कार्यकर्ते गल्लीबोळांतून चालत गेले होते. प्रत्येक तालुक्यातील साथींनी आपल्या गावात असे काम करणाऱ्यांची यादी करावी, त्यांचे करारनामे वाचावेत, थकलेल्या मोबदल्याची प्रकरणे हाती घ्यावीत आणि मंडळाच्या मागणीवर त्यांच्या सह्या घ्याव्यात. चळवळीची गेटसभा यापुढे सहायकेच्या उंबऱ्यापाशीच भरवावी लागेल.