जीवनाच्या विद्यापीठाची मिजास

वाचकहो, ऐन दिवाळीत भांडण उकरून काढणे बरे नव्हे, हे मला कळते. हातात चकली असावी, दारात आकाशकंदील हलत असावा आणि अंकात काही हलकेफुलके वाचायला मिळावे, ही आपली अपेक्षा रास्तच आहे. पण ज्या थापेशी मला भांडायचे आहे ती आम्ही लेखकमंडळीच वर्षानुवर्षे फराळाच्या ताटातून आपल्याला वाढत आलो आहोत. तेव्हा तिचा निकालही इथेच लागावा.

थाप अशी. कादंबरीच्या मागच्या पानावर लेखकाचा फोटो असतो आणि खाली छापलेले असते, 'शिक्षण बेताचे. परंतु जीवनाच्या विद्यापीठात त्यांनी...' पुढचे आपल्याला पाठ आहे. सत्काराच्या सभेत अध्यक्षमहाशय हेच वाक्य जरा आवाज चढवून म्हणतात, टाळ्या पडतात आणि सत्कारमूर्ती नम्रपणे मान खाली घालतो. ही नम्रता सोळा आणे खोटी असते. मी हे खात्रीने सांगतो, कारण ती मान पुष्कळदा माझी होती.

मी मॅट्रिक. आता दहावी म्हणतात, पण आमच्या घरात शब्द मॅट्रिकचाच. एका लहानशा खाजगी शाळेत मुलांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कॉलेजची पायरी मी चढलो नाही. आणि ही गोष्ट मी जिथे तिथे अशा थाटात सांगत आलो, की जणू ती पायरीच माझ्या लायकीची नव्हती!

चार वर्षांपूर्वी या मिजाशीची किंमत मोजायची वेळ आली. माझी मुलगी बारावी झाली. तिला मराठी घेऊन बी. ए. करायचे होते, आणि त्यासाठी जिल्ह्याच्या गावी वसतिगृहात राहणे आले. घरात बैठक बसली. आमचे काका पानाला चुना लावीत म्हणाले, "कशाला उगाच खर्चात पडतोस? तू कुठं कॉलेजात गेला होतास? तरी पेपरात फोटो येतोच ना तुझा? पोरीला वाचायचंच असेल तर घरी बसून वाचील. स्थळं यायला लागली आहेत." मी तोंड उघडले आणि मिटले. बोलणार काय? त्यांनी माझेच भाषण मला म्हणून दाखवले होते.

दाराशी उभी असलेली मुलगी तेव्हा म्हणाली, "बाबा, तुम्ही कॉलेज सोडलं नव्हतं. तुम्हाला जाता आलं नव्हतं. जे मिळालंच नाही त्याचा तोरा कसला?"

मुलगी कॉलेजात गेली. तोरा मात्र एका रात्रीत उतरत नाही. तो हिशेब मांडल्यावर उतरतो. म्हणून हिशेब मांडतो.

मी स्वतःच्या बळावर शिकलो, असे म्हणतात. आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालय होते. दोन खोल्या, भिंतीला लागून कपाटे आणि नियम एका वेळी एका पुस्तकाचा. ग्रंथपाल मला दोन देत आणि उशिराचा दंड विसरून जात. हे वाचनालय चालत होते लोकांच्या वर्गणीवर आणि सरकारी अनुदानावर. महाराष्ट्रात त्यासाठी 1967 सालचा कायदा आहे. म्हणजे माझे 'जीवनाचे विद्यापीठ' चार चौघांच्या पैशाने चालले होते आणि त्याला कुलगुरूही होते. फक्त त्यांचा पगार फार थोडा होता.

दुसरी रक्कम याहून मोठी आहे. मला एक थोरली बहीण आहे, आक्का. वर्गात ती माझ्याहून हुशार. सातवीनंतर तिची शाळा बंद झाली, कारण घरात पाणी भरायला आणि स्वयंपाकाला एक माणूस हवे होते, आणि ते माणूस मी असावे असे कुणाच्या स्वप्नातही आले नाही. मी संध्याकाळभर वाचनालयात बसू शकत होतो, कारण आक्का नळावर रांगेत उभी होती. तिथेच सोळाव्या वर्षी मी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' वाचली. यमूसाठी ढळढळा रडलो. आणि घरी येऊन आक्काने वाढलेले पोटभर जेवलो. त्या कादंबरीच्या नावातला प्रश्न खुद्द मला विचारलेला आहे, हे समजायला मला तीस वर्षे लागली.

तिसरी रक्कम. कपाटातून शिकलेल्या माणसाला कपाटात असेल तेवढेच येते. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुष तुलना' हे पुस्तक 1882 साली पुण्यात निघाले. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली. पुढे ते विस्मरणात गेले आणि 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले. आमच्या कपाटात ते नव्हते. म्हणून माझ्या जगातच नव्हते. दुसऱ्या वर्षाला असताना मुलीने ते माझ्या टेबलावर आणून ठेवले. चार कादंबऱ्या लिहिलेला बाप आपल्या मुलीकडून हे नाव प्रथम ऐकतो! बुलढाण्याच्या ताराबाईही कुठल्या कॉलेजात गेल्या नव्हत्या. घरीच शिकल्या होत्या. त्यांचे ते एकच पुस्तक आपल्या हाती आहे. जीवनाचे विद्यापीठ इतके उदार असते, तर तिथून एवढ्या तिखट लेखणीचे दुसरे पुस्तक का आले नाही?

यावर कुणीतरी अण्णाभाऊ साठ्यांचे नाव घेईल. घेतातच. अण्णाभाऊंची शाळा दीड दिवसाची, आणि 1959 साली त्यांनी 'फकिरा' दिली, हे खरे. पण ही कादंबरी त्यांनी कुणाच्या लेखणीला अर्पण केली? बाबासाहेब आंबेडकरांच्या. आणि बाबासाहेबांनी काय केले? ज्यांना शाळेबाहेर ठेवले होते त्यांना 'जीवन हेच विद्यापीठ' असे सांगून घरी पाठवले नाही. 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि 1950 साली औरंगाबादेत दुसरे. नारायण सुर्व्यांचा 'माझे विद्यापीठ' हा संग्रह 1966 सालचा. त्याचे नाव आम्ही उठता-बसता वापरतो. पण सुर्वे मुंबई महापालिकेच्या शाळेत शिपाई होते आणि परीक्षा देऊन मास्तर झाले, हे सांगायचे सोयीस्कर विसरतो. या माणसांनी आपल्या वंचनेतून साहित्य काढले. आम्ही त्या वंचनेचीच आरती करतो आहोत!

"पण आजच्या पदव्यांना अर्थ काय?" असा रोकडा प्रश्न येईल. मी तो टाळत नाही. गाइडे पाठ करून वर्ग मिळवता येतो, मूळ कादंबरी न उघडता तिच्यावरचा पेपर सोडवता येतो, आणि पदवी खिशात घालून पोरे नोकरीसाठी वणवण फिरतात. हे सारे मी शिक्षक म्हणून पाहतो. पण भाकरी कच्ची निघाली तर तवा तापवायला सांगावे. उपाशी राहण्याचे माहात्म्य सांगू नये. निदान ज्याचे पोट भरले आहे त्याने तर सांगूच नये. आणि एक ध्यानात ठेवा. हे माहात्म्य मुलग्यांना कुणी सांगत नाही. डॉक्टरच्या मुलाला कुणी म्हणत नाही, की जीवनाच्या विद्यापीठात शस्त्रक्रिया शीक. ते सांगितले जाते गरिबाच्या मुलाला आणि कुणाच्याही मुलीला.

या वर्षी मुलीच्या कॉलेजात पदवीदान झाले. आक्काही आली होती. कॉलेजच्या आत ती प्रथमच पाऊल टाकीत होती. समारंभ आटोपल्यावर मुलीने कागद आधी आत्याच्या हातात दिला. आक्काने तो दूर धरून एकेक अक्षर वाचला. सातवीपर्यंतचे वाचन तिने अजून मोडू दिलेले नाही. मग म्हणाली, "नाव बरोबर छापलंय. घडी घालू नकोस, चुरगळेल." बस, एवढेच. माझ्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. पाहिले असते तर मला बरे वाटले असते, की आणखी वाईट, ते मी सांगू शकत नाही.

आता माझे मागणे. लेखकबंधूंनो, मागच्या पानावरचे ते वाक्य खोडून टाका. ते वाचून टाळ्या वाजवणारा माणूस घरी जाऊन आपल्या मुलीची फी भरायची की नाही हे ठरवत असतो. आणि वाचकहो, आपल्याला एक आठवण. महर्षी कर्व्यांनी 1896 साली ज्या कामाला सुरुवात केली आणि 1916 साली ज्यातून महिला विद्यापीठ उभे राहिले, त्या कामासाठी त्यांच्या संस्थेने भाऊबीज फंड गोळा केला. महाराष्ट्रातल्या अनोळखी भावांनी अनोळखी बहिणींच्या शिक्षणासाठी घातलेली ती ओवाळणी होती. चार दिवसांवर भाऊबीज आहे. साडी जरूर घ्या. पण घरात, शेजारी, कामाला येणाऱ्या बाईच्या घरी एखादी मुलगी प्रवेशाच्या पैशासाठी अडली असेल, तर तिच्या ताटातही काही पडू द्या; आणि ते टाकताना अण्णाभाऊंची गोष्ट सांगू नका.

माझ्यापुरते मी ठरवले आहे. कादंबरीच्या पुढच्या आवृत्तीत ते वाक्य नसेल. प्रकाशकांना नवे लिहून पाठवले आहे : 'शिक्षण मॅट्रिक. बहिणीच्या खर्चाने.'