हंगामापुरती माणसे

साखर कामगारांच्या वेतनाचा प्रश्न जुलै २०२५ मध्ये एकदाचा सुटला, असे जाहीर झाले. १ एप्रिल २०२४ पासून पाच वर्षांसाठी १० टक्के वेतनवाढ मान्य झाली. आधीच्या करारात ती १२ टक्के होती. प्रश्न सुटला तो नेमका कोणाचा, हे कोल्हापूर जिल्ह्यातील कोणत्याही कारखान्याच्या गव्हाणीपाशी उभे राहिले की कळते.

कसबा बावडा असो, बिद्री असो वा कुडित्रे, दिवाळीच्या आगेमागे मोळी पडते आणि हंगामी कामगार कामावर रुजू होतो. शिमगा-पाडव्याच्या सुमारास पट्टा पडला की तो घरी. उरलेले महिने त्याने काढायचे ते रिटेन्शन भत्त्यावर, म्हणजे पगाराच्या एका अंशावर. आणि जो जितका अकुशल, त्याचा अंश तितका लहान! हा कामगार संघटनेची वर्गणी भरतो, द्वारसभेला उभा राहतो, संपातही उतरतो. वाटणीच्या वेळी मात्र तो पंगतीच्या शेवटच्या पानावर.

टक्केवारीची वाढ दिसायला समन्यायी दिसते. पण समजा, एकाचा पगार ३० हजार आहे आणि दुसऱ्याचा १२ हजार. दहा टक्क्यांनी पहिल्याला ३ हजार मिळतात, दुसऱ्याला १२००. आणि तेही दुसऱ्याला पूर्ण पगारावर केवळ हंगामापुरते. दर पाच वर्षांनी हेच घडत गेले, तर करारागणिक दरी रुंदावते आणि नवा भरती होणारा तरुण तळाशीच राहतो. त्यात हंगामही आखडत चालला आहे. २०२३-२४ मध्ये राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली, २०२४-२५ मध्ये ती ८० लाख टनांवर आली. कारखान्यांनी गाळपक्षमता वाढवली, ऊस मात्र तेवढा वाढला नाही. दिवस कमी भरले, तर वाढलेल्या वेतनदराचे मोल ते काय?

कायद्याचा न्याय तर अजब आहे. १९७२ च्या उपदान कायद्याने बारमाही कामगाराला वर्षाला १५ दिवसांचे वेतन दिले, हंगामी कामगाराला प्रतिहंगाम ७ दिवसांचे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हे सात दिवस तसेच ठेवले. आपल्या विचाराचे सरकार दिल्लीत आहे, म्हणून हे सांगायचे टाळावे असे नाही. राज्य विमा योजनेतून हंगामी कारखाने १९४८ पासूनच वगळलेले. मौज अशी की, १९९५ च्या निवृत्तिवेतन योजनेत याच कामगाराचा एक हंगाम पूर्ण वर्ष म्हणून मोजला जातो. एका खिडकीवर जो पूर्ण आहे, तो दुसरीवर अर्धा कसा होतो?

कारखान्यांची बाजू नाही असे नव्हे. उसाची रास्त व किफायतशीर किंमत २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपयांवर गेली. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये ३१ रुपये किलो ठरला, तो पुढे वर्षानुवर्षे तिथेच अडला. पण सहवीज आणि आसवनी यांचे उत्पन्न हिशेबात धरल्याखेरीज केवळ साखरेचा तोटा पुढे करणे योग्य नव्हे.

समृद्ध अमेरिकेतही हे घडले. युनायटेड पार्सल सर्व्हिस या कंपनीत अर्धवेळ कामगाराचे प्रारंभिक वेतन १९८२ मध्ये ताशी ८ डॉलर ठरले आणि १५ वर्षे हलले नाही. तेही संघटनेच्या सहीनेच. १९९७ च्या ऑगस्टमध्ये १ लाख ८५ हजार कामगार १५ दिवस संपावर गेले, तेव्हा कुठे ते ५० सेंटांनी वाढले! जुन्या सभासदांचे सांभाळून नव्यांना तळाशी ठेवणे, हा मोह लाल बावट्याच्या संघटनांना जसा होतो तसा इतरांनाही होतो. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला तो वर्गसंघर्ष नाकारून, पण शेवटच्या श्रमिकाला नाकारून नव्हे.

उपदानाचे सात दिवस ही कायद्याने ठरवलेली किमान मर्यादा आहे. करार करून त्याहून अधिक देण्यास कायदा मुळीच आडवा येत नाही. चालू कराराची मुदत ३१ मार्च २०२९ रोजी संपेल. पुढच्या मागणीपत्रात अकुशल हंगामी कामगाराचे मूळ वेतन टक्क्यांत नव्हे, रुपयांत मागावे, त्याच्या रिटेन्शनचा अंश वाढवून घ्यावा आणि हे कलम पहिल्या पानावर असावे. मसुदा लिहिणाऱ्यांच्या बैठकीत हंगामी कामगारांचा एक तरी प्रतिनिधी बसवावा, हे तर आजही करता येईल.