सत्तर वर्षांची राजधानी

स्पेनमधल्या कॉर्दोबाला गेलेला प्रवासी तिथली प्रसिद्ध मशीद पाहतो, संत्र्यांच्या झाडांखाली फोटो काढतो आणि दुपारच्या गाडीने ग्रानाडा गाठतो. शहराच्या पश्चिमेला जेमतेम आठ किलोमीटरवर एक अख्खी राजधानी डोंगरउतारावर पडून आहे, तिकडे फार थोडे वळतात.

मदीनत अल्-झहरा, म्हणजे झळाळती नगरी. खलिफा तिसरा अब्दुर्रहमान याने ती एका लाडक्या दासीसाठी वसवली, अशी दंतकथा आहे. ऐकायला गोड, पण खरे कारण राजकारणाचे असावे. बगदादला एक खलिफा होताच, समुद्रापलीकडे उत्तर आफ्रिकेत फातिमी घराण्यानेही खिलाफत जाहीर केली होती. ९२९ मध्ये यानेही तो किताब धारण केला. किताब मोठा घेतला की घरही तसेच हवे! ९३६ च्या सुमारास काम सुरू झाले. उतार कापून तीन टप्पे केले : माथ्यावर खलिफाचे निवासस्थान, त्याखाली दरबार, कचेऱ्या आणि बागा, तळाशी मशीद व वस्ती. पाणी खेळवण्यासाठी जुना रोमन कालवाही कामी लावला.

एवढा थाट टिकला सत्तरएक वर्षे. १००९ मध्ये यादवी उसळली आणि खिलाफतीने पदरी ठेवलेल्या बर्बर सैनिकांनीच नगरी लुटली. पुढे शतकानुशतके लोक तिचे दगड वाहून नेत राहिले. वरच्या डोंगरातला पंधराव्या शतकातला मठही त्याच दगडांचा. अखेर ही कुणाची नगरी, हेही विस्मरणात गेले. लोक तिला ‘जुने कॉर्दोबा’ म्हणू लागले. १९११ मध्ये उत्खनन सुरू झाले. आजवर सुमारे दहावा हिस्साच उघडा झाला आहे.

त्यामुळे विजापूरसारखे घुमट पाहायच्या अपेक्षेने गेलेल्याची निराशाच होईल. आधी पायथ्याचे संग्रहालय पाहावे, मग तिथल्या बसने वर जावे. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळची वेळ आणि टोपी हवीच. सोमवारी जाऊ नये, दार बंद असते. दरबाराचे मुख्य दालन दुरुस्तीसाठी अनेक वर्षे बंद होते. ते उघडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे. त्याच्या भिंतींवरची वेलबुट्टी जमिनीवर हजारो तुकड्यांत सापडली होती. तुकड्याला तुकडा जुळवत ती पुन्हा चढवली गेली. न जुळलेले तुकडे अजून ओळीने मांडून ठेवलेले आहेत.