त्यांची शुगर, तिची झोप

‘चाळिशीनंतर ताणमुक्त जगण्याची सात सूत्रं’ हा कागद या आठवड्यात इतक्या जणींनी मला मोबाइलवर पाठवला की शेवटी वाचावाच लागला. कुठल्याशा महिला कार्यशाळेत तो वाटला होता. पहिलं सूत्र: रोज एक तास लवकर उठा आणि तो तास फक्त स्वतःला द्या.

साडेपाचला उठून डबे करणारीनं म्हणजे साडेचारला उठायचं. पाळी जाण्याच्या दिवसांत तिला रात्री दोनला घामानं जाग येते. पंखा वाढवला की शेजारचं पांघरूण कुरकुरतं. पहाटे कुठे डोळा लागतो, तर तेवढ्यात हा सूत्राचा गजर. बाकीची सहा सूत्रं सांगत बसत नाही. डायरी लिहा, दीर्घ श्वास घ्या, कृतज्ञ राहा, वगैरे. सगळं करायचं तिनंच.

श्वासाशी माझं भांडण नाही. प्राणायामानं मलाही बरं वाटतं. पण घरातल्या पुरुषाला पन्नाशीत शुगर निघते तेव्हा काय होतं, ते जरा आठवा. रिपोर्ट येतो त्याच संध्याकाळी साखरेचा डबा वरच्या फळीवर जातो. भात कमी होतो, ज्वारीची भाकरी सुरू होते. रात्री मेथ्या भिजत पडतात आणि सकाळी त्यांचं पाणी आयतं हातात येतं. त्यांनी रात्री लवकर जेवायचं, म्हणजे सगळं घरच लवकर जेवतं. मुलगी ग्लुकोमीटर पाठवते. एचबीएवनसी हा शब्द सासूबाईंच्याही तोंडी बसतो. लग्नाच्या पंगतीत यजमान वाकून विचारतात, ‘‘भाऊसाहेब, श्रीखंड चालेल ना तुम्हाला?’’ ते संध्याकाळी फिरायला निघाले की त्यांना कुणी वाटेत भाजी आणायला सांगत नाही, कारण डॉक्टरांनी सलग चालायला सांगितलंय. हे सगळं योग्यच आहे. मधुमेह असाच सांभाळायचा असतो, गोळीबरोबर घराचं वेळापत्रक बदलून. तुमची शुगर हा तुमच्या दृष्टिकोनाचा प्रश्न आहे, डायरी लिहा, असं त्यांना कुणीही सांगत नाही.

आता त्याच घरातली ती घ्या. वय सत्तेचाळीस. झोप तुटते, मधूनच धडधडतं, किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही, भाजीवाल्यावर उगाच आवाज चढतो. इस्ट्रोजेन हे हॉर्मोन खालीवर होऊ लागलं की मेंदूतलं शरीराचं तापमान राखणारं केंद्र बिथरतं. त्यातून घाम, घामातून मोडलेली झोप आणि मोडलेल्या झोपेतून चिडचिड. पाश्चात्त्य देशांत पाळी साधारण ५१व्या वर्षी जाते, आपल्याकडे ४६-४७व्या. म्हणजे नेमकी मुलांची बारावी आणि सासऱ्यांचा मोतीबिंदू एकाच मोसमात असताना. तिच्यासाठी घरात काय बदलतं? एक वाक्य वाढतं. ‘‘आईचा मूड ठीक नाहीये, आत्ता नको विचारूस.’’ डॉक्टरही ‘‘टेन्शन घेऊ नका, वहिनी’’ म्हणून मोकळे. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघायचं राहूनच जातं. धडधड तर बघायलाच हवी, कारण पाळी गेल्यावर बाईच्या हृदयविकाराचा धोका वाढतो.

थोडक्यात, त्यांच्या आजाराचं पथ्य ती सांभाळते आणि तिच्या आजाराचंही तीच.

केंद्र सरकारच्या वेळ-वापर सर्वेक्षणावर मी पूर्वी लिहिलं होतं, तेव्हा ‘आता जुनं झालं ते’ अशी पत्रं आली होती. घ्या मग नवं. २०१९ मध्ये बिनपगारी घरकामात बायकांची दिवसाला २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. २०२४ मध्ये बायकांची २८९ आणि पुरुषांची ८८. बायकांची दहा मिनिटं वाचली, याचा आनंद करावा तोवर पुरुषांनीही नऊ वाचवलेली दिसतात. फरक २०२ मिनिटांचा होता, तो २०१ झाला. पाच वर्षांत एका मिनिटाची क्रांती! आणि हे आकडे जे घरकामाला हात लावतात त्यांचेच आहेत. जे लावतच नाहीत, ते या सरासरीत धरलेले नाहीत. घरातल्या माणसांची देखभाल वेगळी मोजली आहे. त्यात ती करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायकांची १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४.

इथे माझी गरम पोळी येणार, हे नेहमीच्या वाचकांनी ओळखलंच असेल. पान वाढल्यावर तव्यावरून थेट ताटात पडणाऱ्या पोळीइतकं बाईचं रक्त आटवणारं दुसरं काही महाराष्ट्रात नाही, असं माझं मत आहे. त्याला पुरावा नाही. कुणा हृदयरोगतज्ज्ञानं त्यावर संशोधन केलेलं नाही, कारण त्यांनाही घरी गरमच लागते. डब्यातली पोळी खाऊन आजवर कुणी दगावल्याचं ऐकिवात नाही, एवढं मात्र सांगते.

पाळी जाण्याच्या त्रासावर हॉर्मोनच्या उपचाराचं नाव काढलं की अजूनही ‘अगंबाई, कॅन्सर होतो’ हेच ऐकू येतं. ती भीती २००२ च्या एका अमेरिकी अभ्यासातून पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन बरीच वर्षं झालेल्या. २०२५ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या औषधांवरचे ठळक चौकटीतले बहुतेक इशारे काढण्याचं जाहीर केलं. म्हणून ते सगळ्यांनी घ्यावं असं नाही. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या झालेल्यांचा हिशेब वेगळा. पण स्त्रीरोगतज्ज्ञाकडे अर्धा तास शांत बसून विचारण्याचा हक्क प्रत्येकीला आहे. आणि त्या अर्ध्या तासात घरून ‘‘मीठ कुठंय?’’ असा फोन येता कामा नये.

पाळी कामाच्या आड आली की काय होतं, ते बीड जिल्ह्यात दिसलं. २०१९ च्या पाहणीतल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, हा आकडा तुम्ही विसरला नसाल. पाळीच्या दिवसांत काम बुडालं की मुकादम खाड्याचा दंड लावणार, हा नियम बदलला नाही, बाईचं शरीर बदललं. शहरात सुरी नाही, सूत्रं आहेत, आणि मी दोन्ही एका पारड्यात घालत नाही. पण कामाचं वेळापत्रक तसंच ठेवून बाईलाच त्यात बसवायचं, हा हट्ट दोन्हीकडे सारखाच दिसतो.

‘‘आमचे हे खूप करतात हो,’’ अशी पत्रं आता येतील. जरूर पाठवा, पण यावेळी ‘ह्यां’नी लिहिलेली. सर्वेक्षणात विचारतात तसं, पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशीच्या चारपर्यंत, अर्ध्या अर्ध्या तासाचे रकाने करून. फिरायला गेल्याची नोंद वेगळी करा. आणि कोणत्या वेळी आपण काय केलं, हे बायकोला हाक मारून विचारायचं नाही.