वय हे निदान नव्हे

सत्तरीच्या माणसाला विसर पडू लागला, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलताना शब्द अडखळू लागले, की घरात एकच निष्कर्ष निघतो : वयोमानाने असे व्हायचेच. बहुतेक वेळा तो खराही असतो. मात्र काहींच्या बाबतीत या लक्षणांआड ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूतील अतिशय आक्रमक ट्यूमर वाढत असतो. प्रौढांमध्ये मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांत हा सर्वाधिक आढळणारा प्रकार असून उतारवयात त्याचे प्रमाण वाढते. निदान झाल्यावरही वयच आडवे येते. 'आता या वयात कशाला हाल?' असे म्हणून उपचाराचा विषय मिटवला जातो.

नागपूरच्या दक्षिणेला, वर्धा मार्गावरील बुटीबोरीसारख्या गावात हा प्रश्न नव्याने विचारात घ्यायला हवा. औद्योगिक वसाहत बहरू लागली तेव्हा कारखान्यात रुजू झालेले तरुण आता साठीकडे झुकले आहेत आणि त्यांचे आईवडील ऐंशीच्या घरात आहेत. दुसरीकडे उपचारांचे अंतर घटले आहे. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय पूर्वीपासून आहे. बुटीबोरीहून नागपूरला जाताना लागणाऱ्या जामठा येथील नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटचे लोकार्पण २०२३ मध्ये झाले. त्यामुळे 'कुठे न्यायचे' यापेक्षा 'कोणता उपचार, कोणासाठी' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे किरणोपचार आणि सोबत टेमोझोलोमाइड या गोळ्या, ही पद्धत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोप-कॅनडातील चाचणीनंतर जगभर रूढ झाली. मात्र त्या चाचणीत सत्तरीपुढील रुग्ण नव्हते. वृद्धांसाठी किरणोपचाराचा कालावधी निम्म्यावर आणला तरी आयुर्मानात घट होत नाही, हे २००४ मधील कॅनडातील अभ्यासाने दाखवले होते. परंतु त्याला औषधाची जोड द्यावी की नाही, याचे ठोस उत्तर २०१७ पर्यंत नव्हते.

ते उत्तर ६५ वर्षे व त्यापुढील ५६२ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीने दिले. तीन आठवड्यांत १५ वेळा केवळ किरणोपचार घेतलेल्यांचे मध्यमान आयुर्मान ७.६ महिने होते. सोबत टेमोझोलोमाइड घेतलेल्यांचे ९.३ महिने. वरवर पाहता ही वाढ दोन महिन्यांचीही नाही. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात २.८ टक्के, तर दुसऱ्यात १०.४ टक्के होते. ज्यांच्या ट्यूमरमधील एमजीएमटी हे जनुक निष्क्रिय झाले होते, त्यांचे आयुर्मान ७.७ वरून १३.५ महिन्यांवर गेले. औषधाने कर्करोगाच्या पेशीला केलेली इजा दुरुस्त करण्याचे काम या जनुकातून तयार होणारे प्रथिन करते. ते नसले की औषध अधिक प्रभावी ठरते. इतर रुग्णांमधील लाभ तुलनेने कमी आणि संख्याशास्त्राच्या कसोटीवर काठावरचा होता. म्हणूनच शस्त्रक्रियेतील नमुन्याची ही तपासणी चैन नसून निर्णयाचा आधार आहे.

या आकड्यांना मर्यादाही आहेत. चाचणीतील रुग्ण बऱ्यापैकी हिंडते-फिरते होते. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत. औषधामुळे रक्तपेशी घटतात, मळमळ व बद्धकोष्ठ होतो. नियमित रक्ततपासणी अटळ असते. तरीही दोन्ही गटांतील जीवनमान साधारण सारखेच राहिले, ही जमेची बाजू. अधिक अशक्त रुग्णांसाठी अवघ्या पाच सत्रांचा किरणोपचारही पर्याय ठरू शकतो, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या २०१५ मधील अभ्यासातून दिसले.

रोजंदारी बुडवून वडिलांना रुग्णालयात नेणाऱ्या कामगाराच्या दृष्टीने तीस फेऱ्यांऐवजी पंधरा फेऱ्या हा फरक लहान नाही. टेमोझोलोमाइड २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत आहे आणि सत्तरीपुढील सर्वांना आयुष्मान भारत योजनेचे पाच लाख रुपयांचे संरक्षण ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहे. मात्र योजना कागदावर असणे आणि जनुकीय तपासणीपासून शेवटच्या गोळीपर्यंतचा खर्च तिच्यातून भागणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. उपचार सुरू करण्यापूर्वीच कुटुंबाला याची स्पष्ट माहिती मिळाली पाहिजे.

याहून महत्त्वाचा मुद्दा संमतीचा. आपल्याकडे वृद्धाला धक्का बसू नये म्हणून आजाराचे नावही त्याच्यापासून लपवले जाते आणि निर्णय मुले घेतात. या आजारात बोलण्याची व समजण्याची शक्ती लवकर क्षीण होऊ शकते. म्हणून विचारायचे तर ते सुरुवातीलाच. उपचार घेण्याइतकाच ते नाकारून वेदनाशामक शुश्रूषा निवडण्याचा अधिकारही रुग्णाचा आहे. हा आजार आजही बरा होत नाही. पण उरलेले महिने कसे घालवायचे, हे जन्मतारखेने ठरू नये.