हिल्डाची जीभ

ब्रिटिश दूरचित्रवाणीच्या इतिहासलेखनात एक दृश्य हमखास गौरविले जाते. ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ या मालिकेत नोव्हेंबर 1984 मध्ये हिल्डा ऑग्डेनचा नवरा स्टॅन जातो. (ती भूमिका करणारे बर्नार्ड यूअन्स त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वारले होते.) अंत्यविधी उरकल्यावर हिल्डा एकटीच घरात त्याच्या वस्तूंचे पुडके सोडते, चष्म्याचे घर हाती लागते आणि ती हुंदके देऊ लागते. संवाद जवळजवळ नाहीच. 1985 मध्ये जीन अलेक्झांडर यांना रॉयल टेलिव्हिजन सोसायटीचा पुरस्कार मिळाला. तेव्हापासून एक मत रूढ झाले आहे : चोंबड्या, हास्यास्पद मोलकरणीआड दडलेला ‘खरा माणूस’ या दृश्यात प्रथम दिसला.

हे मत आम्हाला मान्य नाही, किंबहुना ते आम्हाला अपमानास्पद वाटते. जुलै 1964 पासून जी बाई अखंड बोलत होती, ती गप्प झाली तेव्हाच तिला माणूसपण बहाल करायचे, हा कुठला न्याय? वीस वर्षांची बडबड कानात साठलेली नसती, तर त्या शांततेला अर्थ तरी काय उरला असता?

हिल्डा ‘रोव्हर्स रिटर्न’ या पबमध्ये झाडलोट करी. डोक्याला रुमाल, त्याखाली केसांचे कर्लर, अंगावर एप्रन आणि कामाबरोबर कर्कश आलापी. आता मालिकेची रचना पाहा. त्या काळात आठवड्याला दोनच भाग होत. एका घरातली बातमी दुसऱ्या घरात गेल्याखेरीज कथानक हलत नसे, आणि ती नेणार कोण? जिच्यासमोर मालक मंडळी बिनदिक्कत बोलतात, कारण ती त्यांच्या लेखी तिथे नसतेच, अशीच बाई! तिच्या कुचाळक्या हा कथनाचा विरंगुळा नसून कथनाचे यंत्र आहे. शेक्सपिअरच्या निरोप्यांवर प्रबंध लिहिणाऱ्यांना हे सांगावे लागू नये.

गुत्त्याची मालकीण ॲनी वॉकर हीसुद्धा बारमागे उभी राहून शेजाऱ्यांची मापे काढतच असे. परंतु तिच्या बोलण्याला आब होता, हिल्डाच्या बोलण्याला चोंबडेपणा म्हणायचे. हा भेद आपल्या भाषेलाही परका नाही. पारावरचे पुरुष ‘गप्पा’ मारतात, नळावरच्या बायका ‘कुचाळक्या’ करतात. इंग्रजीतल्या ‘गॉसिप’चा पूर्वज ‘गॉडसिब’ तर मुळात बाप्तिस्म्याच्या नात्याचा, धर्ममाता-धर्मपित्याचा वाचक. पुढे बाळंतिणीपाशी जमणाऱ्या सख्यांना तो लागू झाला, आणि त्यांच्या बोलण्याला हिणवण्यासाठी वापरला जाऊ लागला तो त्याही नंतर.

हिल्डा साध्वी होती असे आम्ही म्हणत नाही. ती खवचट होती, दाराआडून ऐकत असे, आणि दुसऱ्याच्या फजितीत तिला उघड आनंद होई. तो आनंद तिच्याकडून काढून घेऊन तिला सोशिक श्रमिक स्त्रीची मूर्ती बनवणे हीदेखील एक प्रकारची तुच्छताच आहे. (आमच्या व्यवसायात या मूर्तिकामाचा फार सुकाळ आहे.) तिच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर पर्वतांचे चित्र होते, त्यावर उडणारी प्लास्टरची बदके. ‘म्यूरल’ या शब्दाचा उच्चार ती ‘म्यूरिएल’ असा करी, आणि प्रेक्षक हसत. हसावेच. पण हसताना एवढे ध्यानात असावे की त्या गल्लीत घराच्या भिंतीवर हिमशिखरे उभी करण्याची हौस आणि हिंमत तिलाच होती. अभिरुचीच्या नावाने नाक मुरडणाऱ्यांना 1957 सालचे रिचर्ड हॉगार्ट अभ्यासक्रमात चालतात. हॉगार्टांनी ज्यांच्याविषयी लिहिले ती माणसे दिवाणखान्यात बदके टांगू लागली की मात्र चालत नाहीत.

जीन अलेक्झांडर यांनी 1987 मध्ये मालिका सोडली. नाताळच्या दिवशी हिल्डाचा निरोप 2.5 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. गल्लीने तिला पबमध्ये समारंभाने निरोप दिला, ती गायलीही. एवढे प्रेम लाभलेल्या या बाईसाठी लेखकांना सुचलेली बढती अशी : ज्या डॉक्टरांकडे ती साफसफाई करीत असे, त्यांचेच घर सांभाळायला ती डर्बीशरला गेली.